वेग वाढला की ट्रेलर झोके घेतो : झोके रोखणारा कपलर घ्यावा, की आधी सामानाची मांडणी बदलावी?

मुक्तप्रवासी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे एका अ‍ॅक्सलचा बंदिस्त ट्रेलर असून सामान भरल्यावर त्याचे वजन सुमारे १,२०० किलो होते. गाडीच्या पुस्तिकेनुसार ब्रेक असलेला १,८०० किलोपर्यंतचा ट्रेलर तिला ओढता येतो आणि टो बॉलवर (गाडीच्या मागे ट्रेलर जोडायचा गोळा) १५० किलोपर्यंत उभा भार चालतो, त्यामुळे कागदावर तरी सर्व काही मर्यादेत आहे. ताशी ७० किलोमीटरपर्यंत ट्रेलर अगदी सरळ चालतो. मात्र ८५ च्या पुढे, विशेषतः उतारावर किंवा शेजारून मोठा ट्रक वेगाने पुढे जात असताना, तो डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ते झोके स्टिअरिंगपर्यंत जाणवतात. आतापर्यंत वेग उतरल्यावर ते दोन-तीन हेलकाव्यांत शमले आहेत.

ट्रेलरच्या मागच्या दाराजवळ ८० किलोचा जनरेटर आहे आणि अ‍ॅक्सलच्या मागे १०० लिटरची पाण्याची टाकी आहे. मुक्कामाला पोहोचल्यावर दोन्ही चटकन हाताशी यावीत म्हणून ती तिथे आहेत. ट्रेलरचे ब्रेक ओव्हररन प्रकारचे आहेत, म्हणजे ट्रेलर गाडीला मागून रेटू लागला की ते आपोआप लागतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. घर्षणाने झोके दाबणारा कपलर (ट्रेलरच्या दांड्याच्या टोकाची, बॉलला धरणारी पकड) बसवावा, असा सल्ला मला मिळाला आहे. तो योग्य आहे का? आणि प्रत्यक्ष झोके सुरू झाले त्या क्षणी ब्रेक दाबावा की वेग वाढवावा? दोन्ही मते ऐकली आहेत, आणि ती एकमेकांच्या पूर्ण विरुद्ध असल्यामुळे माझी काळजी वाढली आहे.

तोलकाटा

कपलरचा विचार आपण जरूर करा, पण त्याआधी एक आकडा काढा, कारण आपल्या सविस्तर वर्णनात नेमका तोच राहिला आहे. ट्रेलरचा दांडा टो बॉलवर प्रत्यक्षात किती किलोने टेकतो? यालाच टंग वेट किंवा नोज वेट म्हणतात. गाडी १५० किलो सोसू शकते हे आपल्याला ठाऊक आहे, पण तिच्यावर किती भार येतो हे मोजलेले दिसत नाही. जनरेटर आणि टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असल्यामुळे हा भार फारच कमी असेल, अशी मला दाट शंका आहे.

उत्तर अमेरिकेत साध्या बॉलच्या जोडासाठी हा भार ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असे सांगतात, म्हणजे आपल्या बाबतीत १२० ते १८० किलो. अर्थात आपल्याला १५० च्या आतच राहावे लागेल. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅनसाठी ५ ते ७ टक्क्यांचा दंडक सांगितला जातो, पण तिथे ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला मोटरवेवरही ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटरची मर्यादा आहे. जर्मनीत ट्रेलरसह सर्वसाधारण मर्यादा ८० किलोमीटर असून विशेष मंजुरी असलेल्या जोडीलाच १०० ची मुभा मिळते. यातला कमी टक्क्यांचा आकडा तेवढा उचलायचा आणि वेग मात्र आपल्या मनाचा ठेवायचा, असे कृपया करू नये.

मोजणी घरच्या वजनाच्या काट्यावरही होते, फक्त दांडा थेट काट्यावर टेकवू नये, कारण काट्याची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. एक मजबूत लाकडी फळी घ्या. तिचे एक टोक विटेवर आणि दुसरे काट्यावर ठेवा, आणि दोन्ही टेकूंमधले अंतर तीन फूट राखा. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावा आणि विटेपासून बरोबर एक फुटावर दांडा फळीवर टेकवा. काट्यावर जो आकडा येईल त्यातून नुसत्या फळीचा आकडा वजा करून उरलेल्याची तिप्पट करा; तोच टो बॉलवरचा भार. दांड्याची उंची मात्र गाडीला जोडल्यावर असते तेवढीच असू द्या. टोक वर उचलले गेले किंवा खाली झुकले तर आकडा बदलतो.

एकूण वजनही अंदाजाने धरू नका. वजनकाट्यावर आधी एकटी गाडी आणि मग ट्रेलरसह संपूर्ण जोडी चढवा. दोन्हींतला फरक म्हणजे ट्रेलरचे खरे वजन. आपण सांगितलेले १,२०० किलो मोजलेले आहेत की मनात धरलेले?

अनुगती

वरील प्रतिसादाशी सहमत होऊन मी कारणांकडे वळतो, कारण कारण कळले की कोणता उपाय मुळाचा आणि कोणता वरवरचा हे आपले आपल्याला ठरवता येते.

ट्रेलर बॉलभोवती आडवा फिरू शकतो. वाऱ्याने किंवा रस्त्यातल्या खाचेने तो किंचित तिरका झाला की त्याच्या टायरांवर आडवे बल निर्माण होते आणि ते त्याला पुन्हा रेषेत आणते. परंतु ट्रेलर जड असल्यामुळे तो मध्यावर थांबत नाही, पलीकडे जातो, आणि मग उलट दिशेने परत येतो. हे झोके शमवण्याचे काम मुख्यतः टायरच करतात. अडचण अशी की हे शमन वेगाबरोबर घटत जाते. टायरवरचे आडवे बल त्याच्या सरकण्याच्या कोनावर, म्हणजे टायरचे तोंड ज्या दिशेला आहे आणि तो प्रत्यक्ष ज्या दिशेने जातो त्यांतल्या कोनावर, अवलंबून असते, आणि आडवा वेग तोच राहून पुढचा वेग वाढला तर तो कोन लहान होतो. त्यामुळे ताशी ६० ला जो झोका एका हेलकाव्यात विरतो, तो ८५ ला तीन हेलकावे घेतो, आणि त्याही पुढे एक वेग असा येतो की गाडी आणि ट्रेलर मिळून झोका शमवण्याऐवजी वाढवू लागतात. प्रत्येक जोडीचा हा निर्णायक वेग वेगळा असतो, आणि तो जवळ आला आहे हे दाखवणारा काटा गाडीत नसतो.

आपण दिलेली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात. ७० ला शांत, ८५ ला दोन-तीन हेलकावे. झोके शमत आहेत, म्हणजे निर्णायक वेग अजून ओलांडलेला नाही. पण अंतर थोडे उरले आहे, आणि उतार, आडवा वारा किंवा मागच्या टायरात थोडी कमी हवा यांपैकी काहीही ते संपवू शकते. उतारावर गाडी ट्रेलरला ओढत नसते, उलट ट्रेलर गाडीला रेटत असतो, त्यामुळे त्याला सरळ धरणारा ताण नाहीसा होतो. ट्रकचे म्हणाल तर त्याच्या नाकापुढची दाबलेली हवा ट्रेलरला आधी बाहेर ढकलते आणि त्याची बाजू पुढे सरकत असताना ट्रेलर आत ओढला जातो. म्हणजे ट्रक फक्त पहिला धक्का देतो. तो धक्का वाढू द्यायचा की नाही, हे आपल्या जोडीची घडण ठरवते.

ही घडण बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. ट्रेलरचा गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या पुढे जितका स्पष्टपणे असेल तितका निर्णायक वेग वर जातो. त्याइतकीच महत्त्वाची, तरीही सहसा दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे जड वस्तू अ‍ॅक्सलपासून किती दूर आहेत. गुरुत्वमध्य तोच ठेवूनही जड सामान दोन्ही टोकांना विभागले तर ट्रेलर एकदा फिरू लागल्यावर थांबवायला फार कठीण जातो. म्हणून कमी भार भरून काढण्यासाठी दांड्याच्या टोकावर वाळूची गोणी ठेवणे हा उपाय नव्हे. टक्केवारी जमते, पण टोकाला आणखी एक वजन वाढते.

उरलेल्या गोष्टी गाडीच्या रचनेत असतात. मागच्या अ‍ॅक्सलपासून बॉल जितका मागे, तितकी ट्रेलरला गाडीची शेपटी ढकलायला मोठी तरफ मिळते. पिकअपच्या हौद्यात, मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळजवळ वरच ज्यांचा जोड असतो, ते फिफ्थ व्हील ट्रेलर याच कारणामुळे फार स्थिर चालतात.

रानवाट

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत असे आहे की झोके सुरू होताच थोडा वेग वाढवावा. ट्रेलर ताणला जातो आणि सरळ होतो. अनुभवी चालकांकडून हे मी वेळोवेळी ऐकले आहे आणि वर सांगितलेल्या ताणाच्या तत्त्वाशीही ते जुळते.

घाटमाथा

रानवाट, ताण वाढल्यावर ट्रेलर क्षणभर सरळ होतो हे आपले निरीक्षण खरे आहे, पण त्यावरून काढलेला सल्ला मला धोकादायक वाटतो आणि तो इथे निर्विवाद राहू नये अशी माझी कळकळीची इच्छा आहे. झोके वेगामुळे वाढत आहेत, आणि आपण त्यावर आणखी वेग सुचवत आहात. ट्रेलर सरळ झाला तरी जोडी आता निर्णायक वेगाच्या अधिक जवळ किंवा त्याच्या पलीकडे आहे, आणि केव्हातरी पाय काढावाच लागणार आहे. तो पाय काढताना ताण सुटतो आणि झोके पूर्वीपेक्षा जास्त ऊर्जा घेऊन परततात. ताशी ८० वरून ९० वर गेल्याने गतिज ऊर्जा सव्वापटीहून थोडी अधिक होते. शिवाय उतारावर, जिथे हा प्रसंग बहुधा येतो, तिथे वेग वाढवणे म्हणजे पुढचे वळण अधिक वेगाने गाठणे.

गाडीचा ब्रेक जोरात दाबणे हेही तितकेच चूक आहे. गाडी मंदावते आणि तिरका झालेला ट्रेलर बॉलवर मागून रेटतो. तो रेटा गाडीच्या मागच्या भागाला बाजूला ढकलतो आणि जोडी मधोमध घडी पडल्यासारखी दुमडू शकते.

करायचे ते असे. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढून घ्यावा, झटक्याने नव्हे. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ ठेवावे आणि झोक्याच्या उलट दिशेने वळवण्याचा मोह टाळावा. एक पूर्ण झोका साधारण एक-दोन सेकंदांत होतो आणि आपली प्रतिक्रिया काही अंशाने उशिराच पोहोचते. झोपाळा परत फिरल्यानंतर दिलेला धक्का जसा त्याची गती वाढवतो, तसे आपले उशिरा वळवलेले स्टिअरिंग ट्रेलरला पुढचा झोका देते. ट्रेलरला विजेचे ब्रेक असतील आणि गाडीत ब्रेक कंट्रोलर असेल तर त्याची हाताची कळ हळुवार दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत, कारण त्यामुळे ट्रेलर मागून ताणला जाऊन रेषेत येतो. वेग वाढवण्याने जो ताण मिळतो असे आपण म्हणता, तोच ताण इथे वेग कमी करत मिळतो.

प्रश्नकर्त्यांकडे मात्र ओव्हररन ब्रेक आहेत आणि ते हाताने लावता येत नाहीत. त्यामुळे त्यांच्या हातात पाय काढणे आणि स्टिअरिंग स्थिर ठेवणे एवढेच उरते, आणि म्हणूनच उतार सुरू होण्यापूर्वी वेग उतरवून खालचा गिअर टाकणे हे त्यांच्यासाठी इतरांपेक्षा अधिक आवश्यक आहे. काही नव्या गाड्यांत ट्रेलरचे झोके ओळखून गाडीच्या एकेका चाकाला ब्रेक लावणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. ती उपयुक्त आहे. पण ती वारंवार जागी होत असेल, तर सामानाची मांडणी चुकली आहे हेच ती सांगत असते.

मुक्तप्रवासी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. मोजणी केली. वजनकाट्यावर ट्रेलर खरोखरच १,२०० किलोच्या आसपास भरला. फळीच्या पद्धतीने टो बॉलवरचा भार मात्र केवळ ५५ किलो निघाला, तोही टाकी पूर्ण भरलेली असताना. बॉलपासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर ३ मीटर आहे. जनरेटर अ‍ॅक्सलच्या मागे दीड मीटरवर आहे आणि टाकीचा मध्य १.२ मीटरवर. जनरेटर हलवता येईल, टाकी पक्की बसवलेली आहे.

तोलकाटा

५५ किलो म्हणजे साडेचार टक्क्यांच्या थोडेच वर, तेही जवळजवळ १८० किलो वजन अ‍ॅक्सलच्या मागे असताना. आता कोणती वस्तू कुठे हलवली तर किती फरक पडेल, हे एक स्क्रूही न फिरवता कागदावर काढता येते. वस्तूचे वजन गुणिले तिने पुढे सरकलेले अंतर, भागिले बॉलपासून अ‍ॅक्सलपर्यंतचे अंतर. तेवढ्याने बॉलवरचा भार वाढतो.

जनरेटर दीड मीटर पुढे आणून थेट अ‍ॅक्सलच्या वर ठेवला तर ८० गुणिले १.५ भागिले ३, म्हणजे ४० किलो वाढतील आणि भार ९५ होईल. टाकी रिकामी केली तर १०० गुणिले १.२ भागिले ३, म्हणजे आणखी ४० किलो, आणि भार १३५. टाकी रिकामी असल्यामुळे ट्रेलरचे वजनही १,१०० वर येते, म्हणजे १२ टक्क्यांहून थोडे अधिक. आपली १५० ची मर्यादाही पाळली जाते. जनरेटर त्याहून पुढे, दांड्याकडे नेण्याचा मोह होईल, पण अनुगती यांनी टोकांच्या वजनाबद्दल जे लिहिले आहे ते लक्षात घेता तो अ‍ॅक्सलवरच राहू द्यावा. तो खाली तळाशी, मध्यरेषेवर आणि पट्ट्यांनी घट्ट बांधलेला असावा. ब्रेक लागल्यावर सरकणारा जनरेटर ही सर्व आकडेमोड निरर्थक करील.

पाणी मुक्कामाजवळ भरावे, असे मी आग्रहाने सांगेन. भरलेली टाकी ठेवूनही, नुसता जनरेटर हलवून आपण आठ टक्क्यांच्या जवळ येता, आणि ते आजच्यापेक्षा पुष्कळ बरे आहे. अर्धवट भरलेली टाकी मात्र टाळा, कारण आत हिंदकळणारे पाणी स्वतःच बाजूचे धक्के देते.

या बदलाची दुसरी बाजूही पाहायला हवी. बॉलवर १३५ किलो आले की गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची उचलली जाते. समजा बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमध्ये २.७ मीटर अंतर आहे, तर पुढच्या चाकांवरून ६० किलो कमी होतात आणि मागच्या चाकांवर १९५ किलो वाढतात. बॉलवरचा भार गाडीच्या एकूण वहनक्षमतेतही प्रवासी आणि सामान यांच्यासोबत मोजला जातो. म्हणून मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा पुस्तिकेत पाहा, त्या अ‍ॅक्सलचे वजन काट्यावर घ्या, आणि गाडीच्या डिकीतले जड सामान शक्य तितके पुढच्या बाजूला घ्या.

घाटमाथा

भाराचा प्रश्न मार्गी लागत असल्यामुळे उरलेल्या गोष्टी सांगतो. भार बदलल्यावर ट्रेलर जोडून बाजूने पाहा. तो सपाट किंवा नाकाकडे अगदी किंचित झुकलेला असावा. नाक वर असेल तर बॉल माउंटची, म्हणजे बॉल ज्यावर बसवलेला असतो त्या भागाची, उंची बदलावी लागेल. ट्रेलरच्या टायरांत थंड असताना त्या भारासाठी सांगितलेली पूर्ण हवा असू द्या आणि गाडीच्या मागच्या टायरांसाठी पुस्तिकेत ओढताना वेगळा दाब सांगितला असेल तर तोच ठेवा, कारण मऊ टायरची बाजूची भिंत लवते आणि झोक्यांना वाव मिळतो. ट्रेलरच्या कित्येक खास टायरांची वेगमर्यादा ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास असते, ती टायरवरच्या खुणेवरून तपासावी.

कपलर बसल्याची खात्री नुसते पाहून करू नये. खटका लावल्यावर दांड्याच्या जॅकने टोक वर उचलून पाहा. गाडीची मागची बाजू त्याबरोबर थोडी वर आली तर बॉल पकडीत आहे. सुरक्षा साखळ्या दांड्याखाली एकमेकींना छेदून अडकवाव्यात, म्हणजे जोड सुटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांवर पडतो. ट्रेलर सुटल्यास ब्रेक लावणारी ब्रेकअवे दोरी गाडीवर तिच्यासाठी असलेल्या जागीच अडकवावी, साखळीला नव्हे. चाकांचे नट ठरलेल्या टॉर्कने आवळून पहिल्या ८० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

मुक्तप्रवासी (प्रश्नकर्ता)

जनरेटर अ‍ॅक्सलवर घेतो आणि टाकी रिकामी ठेवतो. तरीही घर्षणाचा कपलर बसवला तर हरकत आहे का?

अनुगती

मुळीच हरकत नाही, फक्त तो सामानाची मांडणी झाल्यानंतर बसवावा. आधी नव्या मांडणीने शांत हवेत, मोकळ्या आणि सपाट रस्त्यावर ८० च्या आत ट्रेलर चालवून पाहा. तिथेही झोके जाणवले तर कपलर घेऊ नका. टायर, बेअरिंग, अ‍ॅक्सलचा वाक आणि बॉलची झीज यांची तपासणी करून घ्या. चुकीच्या मांडणीवर असा कपलर बसवला तर लहान झोके दबतात, चालकाला मिळणारी पूर्वसूचना नाहीशी होते आणि तो नकळत अधिक वेगाने जाऊ लागतो. मग मोठा धक्का बसतो तेव्हा घर्षण अपुरे पडते. मांडणी नीट असेल तर मात्र आडव्या वाऱ्यात आणि ट्रकच्या शेजारी तो खरोखर उपयोगी पडतो.

बसवताना एक खबरदारी घ्या. साध्या कपलरमध्ये बॉलला ग्रीस लावतात, पण या प्रकारच्या कपलरमधले घर्षणाचे पॅड कोरड्या बॉलवरच काम करतात. त्यामुळे जुने ग्रीस पूर्ण पुसून टाकावे, बॉलवर रंग असेल तर तोही काढावा, आणि पॅडची झीज दाखवणारी खूण वेळोवेळी पाहत राहावी. कपलरच्या डोक्याला जास्त जागा लागत असल्यामुळे आपल्या बॉलची मान त्याला पुरेशी लांब आहे की नाही, हे खरेदीपूर्वीच मोजून घ्यावे.